वाचकांचे प्रश्न : मागचं चाक घसरलं की काय करायचं?

पाऊस सुरू झाला की रिअर व्हील ड्राइव्ह गाड्यांवरची पत्रं एकदम वाढतात, यंदाही तेच झालंय. आपल्या वडिलांच्या पिढीनं पद्मिनी, अँबेसिडर चालवली, त्याही मागच्या चाकांवरच चालायच्या, पण त्यांच्यात ताकदच इतकी कमी होती की मागचं चाक घसरण्याचा प्रश्न फारसा आला नाही. मग १९८३ ला मारुती ८०० आली आणि पुढच्या चाकांचा जमाना सुरू झाला, त्यामुळे आज ज्यांच्या हातात स्पोर्ट्स कार येतीये त्यातले बहुतेकजण आयुष्यभर पुढच्या चाकांची गाडी चालवून आलेत. पायाला लागलेल्या सवयी तिकडच्या आणि गाडी वेगळी, अडचण तिथंच आहे.

प्रश्न : बारा वर्षं फ्रंट व्हील ड्राइव्ह हॅचबॅक चालवली, आता सेकंडहँड मस्टँग जीटी घेतलीये, पाच लिटर व्ही-एट, ऑटोमॅटिक. पहिल्या पावसात सिग्नल सुटल्यावर डावीकडं वळताना नेहमीसारखी रेस दिली तर मागचा भाग बाहेर निघाला, डॅशबोर्डवर पिवळा दिवा लुकलुकला आणि गाडी आपोआप सरळ झाली. गाडीत काही बिघाड आहे का? आणि ही गाडी शिकायला सुरुवात कुठून करू? — एक वाचक, पुणे

बिघाड अजिबात नाही. तो दिवा लुकलुकला म्हणजे स्टॅबिलिटी कंट्रोल जागं होतं आणि त्यानं तुम्हाला सांभाळलं. ही सिस्टिम प्रत्येक चाकाचा वेग, तुम्ही स्टिअरिंग किती वळवलंय आणि गाडी खरंच किती वळतीये हे सतत बघत असते, मेळ बसला नाही की इंजिनची ताकद कापते आणि एखाद्याच चाकाला ब्रेक लावते, मागचा भाग बाहेर चालला असेल तर बाहेरच्या बाजूच्या पुढच्या चाकाला. हे सगळं तुम्हाला कळायच्या आत होतं. १९९५ साली मर्सिडीज आणि बॉशनं हे बाजारात आणलं, त्याआधीच्या ताकदवान गाड्या चालवणाऱ्यांना हा आधार नव्हता.

आता झालं काय ते बघू. टायरकडं ग्रिप ठरावीक असते आणि ती ब्रेक, रेस आणि वळणं या तिघांना वाटून द्यावी लागते. हिशोब साध्या वजाबाकीचा नाही, वर्तुळाचा आहे, म्हणजे ८० टक्के ग्रिप वळण्यात गेली तरी रेससाठी ६० टक्के शिल्लक असते, पण ९५ टक्के वळण्यात गेली की उरतात जेमतेम ३०. त्यामुळे गाडी बराच वेळ "ठीक आहे, ठीक आहे" म्हणते आणि शेवटच्या टप्प्यात एकदम सुटल्यासारखी वाटते. तुमच्या हॅचबॅकमध्ये रेस जास्त झाली की पुढची चाकं घसरायची, गाडी सरळ जायला बघायची, तुम्ही पाय काढला की परत वळायची. इथं चारशेच्या आसपास घोडे आणि पाचशे न्यूटन-मीटरच्या वरचा टॉर्क, म्हणजे चाकं फिरवणारा जोर, मागच्या दोन चाकांवर येतो, आणि पहिल्या गिअरमध्ये ओल्या रस्त्यावर त्याच्या पाव हिश्श्यातही ग्रिप संपते. त्यात पहिला पाऊस, म्हणजे वर्षभराची धूळ, सांडलेलं ऑइल आणि टायरचं रबर पाण्यात मिसळून वर आलेलं, सिग्नलच्या आसपास तर सगळ्यात जास्त, कारण गाड्या तिथंच उभ्या राहतात.

म्हणून शिकायची सुरुवात उजव्या पायापासून करा. एकच नियम धरा : स्टिअरिंग जितकं वळलेलं तितकी रेस कमी, आणि स्टिअरिंग जसजसं सरळ होत जाईल तसतशी रेस वाढवायची. हात आणि पाय एका दोरीनं बांधल्यासारखे चालले पाहिजेत. हा सराव रोज ऑफिसला जाताना, ३० च्या स्पीडला, कुठलाही धोका न पत्करता करता येतो, आणि माझं ठाम मत आहे की रिअर व्हील ड्राइव्ह गाडीचं निम्मं शिक्षण यातच होतं. दुसरं, पेडल दाबायला जितका वेळ घेता त्याहून जास्त वेळ ते सोडायला घ्या, याचं कारण पुढच्या उत्तरात येतंय.

तुमची गाडी ऑटोमॅटिक आहे त्यामुळे अजून एक गोष्ट जपा, किकडाउन. वळणात असताना पेडल खोल गेलं की गिअरबॉक्स दोन गिअर खाली टाकतो आणि मागच्या चाकांवर टॉर्कचा धक्का बसतो, तुम्ही मागितला त्यापेक्षा कितीतरी मोठा. घाटात स्टिअरिंगमागच्या गिअर बदलायच्या पॅडलनं स्वतः गिअर धरून ठेवा, पावसात एक गिअर वरचाच ठेवा. मस्टँगमध्ये स्नो/वेट मोड दिलाय तो पावसाळाभर वापरा, त्यात कसलाही कमीपणा नाही.

आणि स्पीडचा अंदाज यायला एक आकडा देतो. ३० मीटर त्रिज्येचं हेअरपिनसारखं वळण घ्या, खंडाळ्याच्या जुन्या रस्त्याला किंवा ताम्हिणीत अशी वळणं भेटतात. चांगल्या कोरड्या डांबरावर तिथं ग्रिपची हद्द येते साधारण ५८ किलोमीटरला. ओल्यात तीच हद्द येते ४३ ला आणि डोंगरावरून माती वाहून आली असेल किंवा सावलीत शेवाळ धरलं असेल तर ३४ च्या आसपास. ही हद्द आहे, चालवायचा स्पीड नाही, चालवायचं याच्या बरंच खाली.

प्रश्न : सगळे सांगतात की गाडी स्लिप झाली की "स्लिपच्या दिशेनं स्टिअरिंग फिरवा". ऐन वेळी दिशा कुठली हे कळतच नाही. आणि रेस सोडायची की ठेवायची यावर प्रत्येकजण वेगळं सांगतो. — एक वाचक, कोल्हापूर

दिशेचा विचार करूच नका, नजर वापरा. तुम्हाला जिथं जायचंय तिथं, रस्त्याच्या पुढच्या मोकळ्या भागाकडं बघत राहा, हात आपोआप तिकडं स्टिअरिंग नेतात. डिव्हायडरकडं किंवा झाडाकडं बघितलं तर हातही तिकडंच नेतात, हे इतकं पक्कं आहे की ट्रेनिंगमध्ये शिकवणारे आधी डोळेच पकडतात.

अमेरिकेतल्या रेसिंग स्कूलमध्ये यासाठी तीन शब्द शिकवतात : करेक्शन, पॉज, रिकव्हरी. मागचा भाग उजवीकडं निघाला की स्टिअरिंग पटकन उजवीकडं, हे करेक्शन, आणि ते बहुतेकांना जमतंही. मग गाडीचं फिरणं थांबतं, क्षणभर ती तशीच तिरकी धरून राहते, तो पॉज. त्या क्षणी मागच्या टायरना परत ग्रिप मिळायला लागते, आणि नेमकं तेव्हाच स्टिअरिंग ताबडतोब सरळ करायचं असतं. लोक मार खातात ते इथं. पहिली घसरण सावरली या आनंदात हात तसेच वळलेले राहतात, मागची चाकं पकड घेतात आणि गाडी दुप्पट जोरानं उलट्या बाजूला फेकली जाते. व्हिडिओत बघितलं असेल, गाडी आधी थोडी उजवीकडं हलते, सावरतीये असं वाटतं आणि मग डावीकडं गरकन फिरून कठड्याला जाते. म्हणून सरळ करायचे हात वळवायच्या हातांपेक्षा जलद हवेत. बंद गाडीत बसून याचा सराव करून उपयोग नाही, हे हलत्या गाडीत आणि पाणी मारलेल्या मोकळ्या मैदानावरच अंगात मुरतं.

आता रेसचं. प्रत्येकजण वेगळं सांगतो कारण घसरायची कारणं दोन आहेत. रेस जास्त झाल्यामुळे मागची चाकं फिरून घसरली तर पाय थोडा, हळू वर घ्यायचा, एकदम उचलायचा नाही. पण वळणात घाबरून पाय काढल्यामुळे किंवा ब्रेक लावल्यामुळे घसरली असेल तर गोष्ट उलटी. एसटीत उभे असताना ड्रायव्हरनं ब्रेक मारला की सगळे पुढं झुकतात ना, गाडीचं वजनही तसंच पुढं जातं. जोरात ब्रेक मारला तर गाडीच्या वजनाचा साधारण सातवा हिस्सा मागच्या चाकांवरून पुढच्या चाकांवर जातो, मागचे टायर हलके होतात आणि हलक्या टायरला ग्रिप कमी. अशा वेळी अगदी हलकी रेस, गाडी आहे त्या स्पीडला धरून ठेवण्याइतकीच, वजन परत मागं आणते. म्हणून म्हटलं की पेडल हळू सोडायचं. वळणाच्या आधी, गाडी सरळ असताना, ब्रेकचं काम संपवून टाका म्हणजे हा प्रसंगच येत नाही.

आणि सावरायची वेळ निघून गेली, गाडी आडवी झालीच, तर क्लच आणि ब्रेक दोन्ही पूर्ण दाबा आणि दाबून धरा, ऑटोमॅटिक असेल तर नुसता ब्रेक. फिरणारी गाडी साधारण एका रेषेत घसरत जाऊन थांबते. मध्येच ब्रेक सोडला तर चाकांना अचानक पकड मिळते आणि गाडी कुठंही झेप घेते, समोरच्या लेनमध्येसुद्धा.

प्रश्न : माझी २००१ ची होंडा एस२००० आहे. पावसात हायवेच्या एक्झिटला वळताना थर्डमधून सेकंड टाकला, क्लच सोडला आणि मागची चाकं सटकली. मी रेस दिली नव्हती, ब्रेकही नव्हता. मग कशामुळे? — एक वाचक, न्यू जर्सी

क्लचमुळे. तुमच्या गाडीत थर्डला ४ हजार आरपीएम (इंजिनचे मिनिटाला फेरे) असतील तर त्याच स्पीडला सेकंडमध्ये इंजिनला साडेपाच हजार लागतात. तुम्ही क्लच दाबला तेव्हा इंजिन खाली आलं, मग क्लच पटकन सोडला की इंजिनला वर ओढायचं काम मागच्या टायरवर पडतं, तेवढ्यापुरतं ते हँडब्रेक ओढल्यासारखंच झालं. कोरड्यात एक झटका बसून निभावतं. ओल्यात, तेही वळताना, निभावत नाही.

उपाय रेव्ह मॅचिंग. क्लच दाबलेला असताना रेसला एक छोटा ठोसा द्यायचा, आरपीएम वर गेला की गिअर टाकून क्लच सोडायचा. ब्रेक लावत असाल तर उजव्या पायाचा चवडा ब्रेकवर स्थिर ठेवून पायाची बाहेरची कड रेसवर लोळवायची, यालाच हील अँड टो म्हणतात, नावात टाच असली तरी बऱ्याच जणांचं काम पायाच्या कडेवरच होतं. आधी मोकळ्या सरळ रस्त्यावर, ब्रेक न लावता, नुसता ठोसा आणि गिअर असा सराव करा, डोकं न हलता गिअर पडला म्हणजे जमलं. तोवर पावसात गिअर खाली टाकायचं काम वळणाआधी उरकून घ्या आणि क्लच सावकाश सोडा.

तुमच्या गाडीविषयी मला विशेष काळजी वाटते कारण सुरुवातीच्या एस२००० चा मागचा भाग फार तल्लख आहे, होंडानं स्वतः २००४ च्या मॉडेलमध्ये सस्पेन्शन आणि चाकं बदलून ती शांत केली. शिवाय ६ हजारांच्या आसपास व्हीटेक, म्हणजे इंजिनचे व्हॉल्व्ह जास्त उघडणारी होंडाची सिस्टिम, बदलतं आणि ताकद अंगावर येते, तो बदल ओल्या वळणात होऊ देऊ नका. सुंदर गाडी आहे, ९ हजार आरपीएमपर्यंत गाणारं इंजिन आता क्वचितच मिळतं, ती जपून शिकण्याच्या लायकीची आहे.

प्रश्न : इकडं टोयोटा जीटी८६ घेतलीये. ऑक्टोबरपासून सकाळी गाडी पुढच्या-मागच्या दोन्ही बाजूंनी निसटल्यासारखी वाटते. टायर नवे आहेत, समर टायर. शिकायला कुठं जाऊ? — एक वाचक, श्टुटगार्ट

टायर नवे असून उपयोग नाही, ते उन्हाळ्याचे आहेत. साधारण ७ अंशांच्या खाली त्यांचं रबर कडक होतं आणि रस्ता कोरडा असला तरी पकड कमी होते. जर्मनीत ऑक्टोबर ते ईस्टर हिवाळी टायर हा लोकांचा जुना हिशोब आहे, कायद्यानंही बर्फ किंवा चिखलबर्फ असेल तर ते लागतातच आणि १ ऑक्टोबर २०२४ पासून तीन शिखरं आणि हिमकण असं चिन्ह असलेलेच टायर चालतात. आधी ते बसवा.

शिकायला तुमच्याइतकी चांगली सोय फार कमी लोकांना आहे. एडीएसी या तिथल्या मोटार क्लबची ट्रेनिंग सेंटर्स देशभर आहेत. तिथं जमिनीत बसवलेली एक हायड्रॉलिक प्लेट असते. तुम्ही तिच्यावरून जाता, पुढची चाकं पार होतात आणि मागची चाकं वर असतानाच प्लेट झटकन बाजूला सरकते, डावीकडं की उजवीकडं हे तुम्हाला आधी सांगत नाहीत. समोरचा पट्टा ओला आणि गुळगुळीत, पुढं पाण्याची कारंजी अडथळा म्हणून उठतात. वरच्या उत्तरातलं करेक्शन-पॉज-रिकव्हरी तिथं एका सकाळी परत परत करायला मिळतं आणि चुकलं तर फक्त गाडी भिजते. काही किलोमीटर स्पीड वाढवला की तीच प्लेट सावरता येईनाशी होते, हे अंगावर घेतलंत की रस्त्यावरचा पाय आपसूक हलका होईल.

जीटी८६ शिकायला अगदी योग्य गाडी आहे. २०० घोडे, वजन सव्वा टनाच्या आसपास, आणि कंपनीनं सुरुवातीला मुद्दाम प्रियसला मिळायचे तसले अरुंद टायर दिले होते, कारण ग्रिप कमी असली की हद्द कमी स्पीडला आणि हळूहळू येते, ड्रायव्हरला कळायला वेळ मिळतो. जास्त रुंद टायर टाकायचा मोह होईल, शिकताना टाळा.

प्रश्न : दादा, बाबांची बीएमडब्ल्यू थ्री सीरिज आहे, मागच्या चाकांची. रात्री एमआयडीसीचा रस्ता रिकामा असतो, तिथं ट्रॅक्शन कंट्रोल (चाकं जागच्या जागी फिरून घसरू न देणारी सिस्टिम) बंद करून ड्रिफ्ट, म्हणजे गाडी मुद्दाम तिरकी घसरवणं, शिकावं म्हणतोय. लवकर शिकेन ना? — एक वाचक, वय २१, छत्रपती संभाजीनगर

नको रे, मनापासून सांगतो, हे करू नकोस. एमआयडीसीचा रस्ता तुला रिकामा वाटतो पण शिफ्ट सुटलेला कामगार सायकलवर बिनलाइटचा येत असतो, कडेला वाळू असते, आणि डिव्हायडर काही मागं सरकत नाही. पकडलं तर मोटर वाहन कायद्याचं १८४ कलम आहे धोकादायक ड्रायव्हिंगचं, ते वेगळंच. आणि एक लक्षात ठेव, त्या गाडीत ट्रॅक्शन कंट्रोलचं बटण थोडं दाबलं तर सिस्टिम जरा ढिली होते आणि बराच वेळ दाबून धरलं तर जवळजवळ पूर्ण बंद होते, मित्राच्या गाडीत बसून "दाब रे" म्हणणाऱ्या पोरांना हा फरक माहीत नसतो.

तुला शिकायची खरी ओढ दिसतीये, त्याला रस्ता आहे. कार्टिंग कर. कार्ट ही पूर्ण रिअर व्हील ड्राइव्ह असते, मागचा ॲक्सल सलग, डिफरन्शियल (दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारा भाग) नाही, साध्या कार्टला ब्रेकही मागच्याच चाकांना. नजर, पाय, हात सगळं तिथं घडतं, आणि गाडी फिरली तर टायरच्या भिंतीला टेकून हसत परत निघायचं. कोल्हापुरात कार्टिंग करून रेसिंगमध्ये पुढं गेलेली मुलं आहेत. नंतर बाबांना घेऊन ट्रॅक डेला जा, चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईला मद्रासचा ट्रॅक आहे, कोइमतूरला कारी आहे, बरोबर शिकवणारा बसवून घे.

अजून एक सांगतो ते तुझ्याच वयाचं आहे. नॉर्वेत लायसन्ससाठी घसरड्या ट्रॅकवरचं ट्रेनिंग सक्तीचं केलं आणि नंतर अभ्यास केला तर तरुण मुलांचे निसरड्या रस्त्यावरचे अपघात कमी व्हायच्या ऐवजी वाढलेले निघाले. मुलांना वाटलं आपल्याला जमतं, आणि त्यांनी स्पीड वाढवला. मग त्यांनी कोर्सच बदलला, गाडी सावरण्यापेक्षा धोका आधी ओळखण्यावर जास्त भर दिला. म्हणून ट्रॅकवर शिकून आलास तरी रस्त्यावर ती सिस्टिम चालूच ठेव.

प्रश्न : माझ्या गाडीचे टायर वर्षात फक्त ४ हजार किलोमीटर चालतात, नक्षी अजून दिसते. पावसाळ्याआधी बदलायची गरज आहे का? सध्या बजेट दोनच टायरचं आहे. — एक वाचक, ठाणे

किलोमीटर बघू नका, वय बघा. टायरच्या बाजूला डीओटी (DOT) अशी अक्षरं असलेल्या ओळीत शेवटचे चार आकडे असतात, २३१९ असेल तर २०१९ सालच्या २३ व्या आठवड्यात बनलेला. सहा वर्षांच्या पुढं गेलेल्या टायरचं रबर नक्षी असूनही कडक झालेलं असतं, ताकदवान गाडीवर मी तो ठेवणार नाही. कायद्याची मर्यादा १.६ मिलिमीटर असली तरी ओल्या रस्त्यासाठी ३ मिलिमीटरलाच बदला, रुंद टायर पाणी बाजूला सारायला आधीच कमी पडतात आणि हवा बरोबर असली तरी साचलेल्या पाण्यावर ८०-९० च्या पुढं गाडी तरंगायला लागू शकते. तरंगली तर ब्रेक नाही, वळवणं नाही, स्टिअरिंग सरळ धरून पाय हळू वर घ्यायचा. हवा टायर थंड असताना भरा, आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर असतो.

दोनच घेणार असाल आणि पुढचे-मागचे टायर एकाच साइजचे असतील तर नवे मागं टाका. पुढचे घसरले तर गाडी सरळ जाते आणि पाय हळू काढून सावरते, मागचे घसरले तर ती फिरते. दुकानदार म्हणेल नवे पुढं टाकू, स्टिअरिंग हलकं लागेल, तरी सांगून मागंच टाकून घ्या.